सदनिका ४०२ चा बाथटब आणि माझे गळणारे छत : चौथे पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती
डहाणूकर कॉलनी, कोथरूड, पुणे

विषय : वरच्या सदनिका ४०२ मधून माझ्या सदनिका ३०२ मध्ये होणारी गळती

महोदय,
स. न. वि. वि.

याच विषयावर मी तीन पत्रे दिली. पोच फक्त पहिल्याची मिळाली, उत्तर एकाचेही नाही. म्हणून सगळे पुन्हा लिहीत आहे.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास ४०२ च्या सभासदांनी बिल्डरने दिलेला बिडाचा जुना टब स्वतःच्या हाताने काढला. प्लंबर नाही, गवंडी नाही, समितीची लेखी परवानगी नाही. तो अवजड टब अख्खा दारातून निघेना, तेव्हा जागेवरच घणाने फोडला. सलग दोन रविवार, दुपारी दोन ते चार. हीच वेळ आपल्या नोटीस बोर्डावर शांततेची म्हणून लिहिलेली आहे. माझ्या आईचे वय ८१. ती दोन्ही दुपारी पलंगावर नुसती बसून होती. नंतर टबाचे तुकडे अकरा दिवस लिफ्टशेजारी गोण्यांत पडले. तेव्हाही मी शब्द काढला नाही.

घरातले काम घरच्याने करू नये, असे मी म्हणत नाही. नळाचा वॉशर, फ्लशच्या टाकीचा बॉलकॉक मीही बदलतो. पण टब ही वेगळी गोष्ट आहे. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यातून नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याकडे, जाणारा पाइप. घणाचे घाव त्याच कोब्यावर बसले. वॉशर चुकला तर माझ्याच घरात पाणी गळेल. त्यांचा टब चुकला आणि पाणी माझ्या घरात आले.

नवा टब ॲक्रिलिकचा, फिटिंग बोहरी आळीतून आणलेले. ते दोनदा आणले, कारण पहिल्यांदा माप चुकले, असे त्यांनीच मला जिन्यात सांगितले. गेली वीस वर्षे आमच्याकडे येणारा प्लंबर म्हणतो, ॲक्रिलिकच्या टबाखाली सिमेंट-वाळूच्या मालाची नीट बैठक लागते. ती नसेल तर माणूस उभा राहिला की टब लवतो आणि वेस्टचा, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपाचा, जोड हळूहळू सैल होतो. भिंतीकडेचे सिलिकॉनही टब पाण्याने भरून मगच मारायचे असते. रिकाम्या टबाला मारले की दीडशे लिटर पाणी, म्हणजे दीडशे किलो वजन, त्यात आल्यावर टब खाली बसतो आणि फट पडते. ४०२ च्या सभासदांनी सिलिकॉन रिकाम्या टबाला मारले. हेही त्यांनीच सांगितले, आणि वर "प्लंबर उगाच पैसे घेतात" असेही.

सचिव मला तोंडी म्हणाले, ही पावसाची ओल असेल. एप्रिलमध्ये? मी पंधरा दिवस वेळा लिहून ठेवल्या आहेत. सकाळी सव्वासातला वर टब रिकामा होतो आणि दहा मिनिटांत माझ्या गिझरच्या बाजूला थेंब सुरू होतात. नळाची लाइन फुटली असती तर दिवसभर गळले असते. हे पाणी फक्त टब सोडल्यावर येते. बाथरूमचे छत दोनदा रंगवले, दोनदा पोपडे आले. बाहेरच्या कपाटाचा प्लाय फुगला. ईएलसीबी, म्हणजे वीज झिरपली की पुरवठा तोडणारा स्विच, आठवड्यातून दोनदा पडतो. शॉक लागल्यावर सभा बोलावणार आहात का?

आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरबदल करण्याआधी समितीची लेखी परवानगी लागते, आणि संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाने करायचा असतो. पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करण्याचा अधिकारही सचिवांना आहे. तो आजवर वापरलेला नाही. माझ्या ड्राय बाल्कनीच्या शेडचा विषय कृपया यात आणू नये. त्या शेडमुळे कोणाच्या घरात पाणी पडत नाही.

गळती ४०२ च्या टबामुळेच आहे, हेच २०२ आणि ३०३ चेही मत आहे. लेखी देण्याचा त्यांना संकोच वाटतो, पण जिन्यात दोघेही मला हेच बोलले. ४०२ च्या गॅलरीतल्या कुंड्यांचे पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, हे तर २०२२ पासून सांगत आहे.

माझे मागणे फार नाही. समितीतील कोणीतरी समोर असताना टबात नीळ कालवून पाणी सोडावे. अर्ध्या तासात माझ्या छतातून निळे पाणी आले, तर प्रश्नच मिटला. मग ४०२ ने टब काढून लायसन्सधारक प्लंबरकडून ट्रॅप आणि वॉटरप्रूफिंग नव्याने करून घ्यावे, ४८ तास पाणी साठवून चाचणी द्यावी, आणि मगच फरशी घालावी. हे काम त्यांनी पुन्हा स्वतः करू नये, एवढे समितीने लेखी कळवावे. माझ्या रंगाचा आणि कपाटाचा खर्च त्यांनी द्यावा, बिले जोडली आहेत. तोवर तो टब वापरू नये. त्यांच्याकडे दुसरे बाथरूम आहे.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करीन. त्याआधी आपण एकदा सकाळी सव्वासातला माझ्याकडे यावे. चहा ठेवतो, पण आधी बाथरूममध्ये दहा मिनिटे उभे राहावे लागेल.

आपला,
सभासद, सदनिका क्र. ३०२

सोबत : छताचे सात फोटो, वेळांची वही, तीन बिले