साखर तपासता, तसे पायही तपासा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून आमचे हे पडवीत चढले आणि लादीवर रक्ताचे ठसे उमटले. चप्पल उलटी केली, तर पेटी ठोकायचा बारीक खिळा तळातून आरपार घुसलेला. दिवसभर हे तीच चप्पल घालून बागेत फिरले होते. "माका काय कळलाच नाय," म्हणाले. १५ वर्षांच्या मधुमेहाने पायाची जाणीवच गेली होती.

अंगठ्याच्या मुळाशी पडलेली ती जखम पाच महिने भरली नाही. दिवसाआड मलमपट्टी, अँटिबायोटिकच्या गोळ्या, साखरही आटोक्यात. पण ड्रेसिंग झालं की हे त्याच पायाने चालत घरी येत, भाताची लावणी बघायला जात. चालू नका, असं कुणी बजावलं नाही. आणि दुखत नव्हतं, म्हणून हेही थांबले नाहीत.

शेवटी घाट चढून कोल्हापूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी घोट्याजवळची नाडी चाचपली, एक्स-रे काढून हाडापर्यंत काही गेलं नाही ना ते पाहिलं, जखमेभोवतीची भोवरीसारखी जाड कातडी कापून काढली आणि तळव्याला नीट बसणारं प्लास्टर घातलं. त्याने भार सगळ्या पायावर वाटला जातो, जखमेवर एकवटत नाही. दर आठवड्याला प्लास्टर बदलायला जाण्यात बरेच पैसे गेले, पण सात आठवड्यांत जखम भरली. पाच महिने नेमकं तेवढंच राहिलं होतं: पायावरचा भार काढणं.

जाणीव तपासायला त्यांच्याकडे होता नायलॉनचा एक धागा. तळव्याला टेकवून दाबला की १० ग्रॅम भाराला वाकतो. तो टेकलेला कळला नाही, तर पाय धोक्यात. आम्ही इतकी वर्षं साखर तपासायला रांगेत बसतो, पण "चप्पल काढा, पाय बघू" असं कुणी म्हटलेलं आठवत नाही.

पाय तपासावेत हे पहिलं मागणं, दुसरं चपलेचं. कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी सरकार एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपला देतं. मधुमेह्याचा पायही तसाच बधिर, मग त्याला का नाही? आम्हाला ती कोल्हापुरातच करून घ्यावी लागली.

आता रोज रात्री बॅटरीच्या उजेडात मी यांचे तळवे बघते, बेचक्यांत चिखल्या झाल्यात का तेही. हे चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकतात. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनीही वर्षातून एकदा प्रत्येक मधुमेह्याच्या पायाला तो धागा टेकवावा, एवढी सोय येत्या पावसाआधी व्हावी.

आपली,
एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग