जुन्या गेमसाठी 1080 नको

प्रिय सुहास,

स. न. वि. वि.

जुन्या 8 बिट आणि 16 बिट गेमची रेकॉर्डिंग कोणत्या रिझोल्यूशनला करायची, असं तू विचारलंस. सगळे 1080 (म्हणजे चित्राच्या 1080 आडव्या ओळी) सांगतात, पण या गेमसाठी ते माप चुकीचं आहे.

आधी गेमच्या आडव्या ओळी मोज. एनईएसचं, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या 8 बिट कन्सोलचं, चित्र 256 × 240 पिक्सेलचं. 1080 ला 240 ने भागलं की 4.5 येतात, आणि अर्धा पिक्सेल काढता येत नाही. मग काही ओळी 4 पिक्सेल जाड होतात, काही 5. चित्र स्थिर असताना हे फारसं जाणवत नाही, पण पडदा वरखाली सरकू लागला की विटांच्या भिंती लाटांसारख्या हलतात. सॉफ्टवेअरने ते गुळगुळीत करायचं ठरवलं तर सगळ्या कडा पुसट होतात.

1440 घेतलंस तर हिशोब नेमका जुळतो. 240 ची 6 पट, गेम बॉयच्या 144 ची 10 पट, गेम बॉय अॅडव्हान्सच्या 160 ची 9 पट. सुपर निन्टेन्डोच्या बहुतेक गेमच्या 224 ओळींची 6 पट 1344 होते. वर आणि खाली 48-48 पिक्सेलची काळी पट्टी उरते. ती तशीच राहू दे, भरायला जाऊ नकोस.

रुंदीचं गणित थोडं वेगळं. एनईएसचे पिक्सेल टीव्हीवर चौरस नसायचे, किंचित रुंद असायचे, 8 ला 7 या प्रमाणात. आडवं आणि उभं दोन्ही 6 पट केलंस तर माणसं बारीक आणि चेंडू अंड्यासारखे दिसतील. आडवं 7 पट आणि उभं 6 पट केलंस की 1792 × 1440 मिळतं. हे मूळ प्रमाणाच्या अगदी जवळ आहे आणि एकही पिक्सेल तुटत नाही.

मात्र रेकॉर्डिंगच मोठ्या मापात करू नकोस. रेट्रोआर्कमध्ये (कॉम्प्युटरवर जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन क्वालिटी लॉसलेस (काहीही न गमावणारी) ठेव आणि जीपीयू रेकॉर्डिंग (पडद्यावरचं मोठं केलेलं चित्र टिपणारी सोय) बंद कर. तू फुल स्क्रीनवर खेळत असलास तरी फाइल मूळ मापाचीच होते, आणि लॉसलेस असूनही आटोपशीर राहते. नंतर एफएफएमपेग या व्हिडिओ बदलण्याच्या सॉफ्टवेअरच्या स्केल फिल्टरला नेबर (कडा गुळगुळीत न करता पिक्सेल तसेच मोठे करणारा) हा फ्लॅग देऊन ती मोठी कर. हे एडिटिंगच्या आधी करायचं, कारण बहुतेक एडिटर छोटा व्हिडिओ ताणताना आपणहून गुळगुळीत करतात. मोठं करण्याचा आणखी एक फायदा रंगांचा. यूट्यूबवरच्या 4:2:0 व्हिडिओत 2 × 2 पिक्सेलना मिळून एकच रंग साठवला जातो, त्यामुळे मूळ मापातली लाल बारीक अक्षरं फिसकटतात. 6 पट केल्यावर प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग पुरून उरतो.

फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) 60 च ठेव, इथे तडजोड नको. मार बसल्यावर पात्र लुकलुकतं ते अनेक गेममध्ये एकाआड एक फ्रेममध्ये. 30 ला रेकॉर्ड केलंस तर ते पूर्ण गायब तरी होईल किंवा लुकलुकणारच नाही. यूट्यूब 60 फ्रेम 720 आणि त्यावरच्या मापालाच देतं, म्हणून 480 ला अपलोड करण्यात अर्थ नाही. 1440 ला 60 फ्रेमसाठी त्यांनी सुचवलेला बिटरेट (व्हिडिओच्या दर सेकंदाचा डेटा) 24 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 24 मेगाबिट आहे, 1080 ला 12. आणखी जास्त दिलास तरी बिघडत नाही, कारण यूट्यूबवाले व्हिडिओ पुन्हा एन्कोड (नव्याने दाबून लहान) करणारच असतात.

खऱ्या कन्सोलवरून घ्यायचं असेल तर स्वस्त यूएसबी कॅप्चर डोंगल टाळ. तो 240 ओळींचा सिग्नल 480 इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी दोन खेपांत येणारा) समजतो, लागोपाठच्या दोन फ्रेम एकात विणतो आणि धावत्या पात्राच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात. एव्ही केबल असेल तर मध्ये रेट्रोटिंक 2एक्ससारखा लाइन डबलर (ओळी दुप्पट करणारं छोटं यंत्र) लाव. तो 480 प्रोग्रेसिव्ह (सगळ्या ओळी एकाच खेपेत) देतो, त्याची 3 पट पुन्हा 1440 च. कन्सोल पाल या 50 फ्रेमच्या टीव्ही पद्धतीचा असेल तर मात्र फ्रेम रेट 50 ठेव, नाहीतर हालचाल अडखळत दिसेल.

पहिली फाइल झाली की दहा सेकंदांचा तुकडा पाठव, सरकत्या पडद्याचाच.

तुझा,
मंदार