‘जुळे भावंड’ म्हणून विकलेल्या .२२ रिव्हॉल्व्हरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक

विषय: आपले .२२ बोअरचे रिव्हॉल्व्हर, माहितीपत्रकातील खोटी तुलना आणि मदतकक्षाची उत्तरे.

आपल्या मदतकक्षाशी आज दुपारी जे बोलणे झाले, त्यानंतर फोनवर बोलण्यात अर्थ उरलेला नाही. आपले .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचे माप, इंचांत) रिव्हॉल्व्हर माझ्याकडे अनेक वर्षे आहे आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. .३२ ची काडतुसे महाग आणि परवान्यावर वर्षाला मिळतात तीही मोजकीच, म्हणून सरावासाठी तसेच पण .२२ चे शस्त्र घ्यावे, एवढाच हेतू होता. आपल्या माहितीपत्रकात दोन्ही मॉडेलांचे रकाने शेजारी शेजारी छापलेले आहेत: सांगाडा तोच, नळीची लांबी तीच, काडतुसे सहा, वजन तेवढेच, चापाची ओढ, म्हणजे तो मागे खेचायला लागणारा जोर, तोच, आणि वर ठळक अक्षरांत ‘जुळी भावंडे’.

आधी वजनाचे बोलतो. बाहेरची मापे तीच ठेवून नळीचे आणि चक्रातल्या सहाही घरांचे भोक लहान केले की आत पोलाद जास्त उरते, त्यामुळे .२२ जड भरणारच. माझ्या घरच्या काट्यावर ते रिकामे असताना .३२ पेक्षा ७० ग्रॅमनी जड भरले. यावर उपाय नाही असे नाही. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर के-२२, के-३२ आणि के-३८ ही मॉडेले काढली, तेव्हा नळीवरच्या पट्टीची रुंदी बोअरप्रमाणे कमी-जास्त करून तिन्हींचे भरलेले वजन सारखे आणले होते, जेणेकरून सराव स्वस्त काडतुसांवर झाला तरी हाताची सवय मोडू नये. आपण एवढे कष्ट घेतलेले दिसत नाहीत; .३२ च्या रकान्यातला आकडा उचलून .२२ च्या रकान्यात ठेवला आहे.

वजन एक वेळ सोडून दिले असते, पण काडतुसे उडत नाहीत त्याचे काय? सहा भरली की एखाद-दुसरे हटकून तसेच राहते. बाहेर काढून पाहिले तर पुंगळीच्या कडेवर नखाने दाबल्यासारखा पुसट व्रण दिसतो. तेच काडतूस थोडे फिरवून पुन्हा घातले की बहुधा उडते, म्हणजे दोष काडतुसात नाही. .३२ ची टोपी, म्हणजे फटक्याने ठिणगी देणारी डबी, बुडाच्या मधोमध असते, तर .२२ ची स्फोटक भुकटी कडेच्या आत पसरलेली असते आणि ती कड चेपण्याइतका जोराचा फटका बसावा लागतो. आपल्याच सुट्या भागांच्या यादीत दोन्ही मॉडेलांच्या घोड्याच्या स्प्रिंगला एकच क्रमांक आहे. ज्यांनी ही यादी छापली त्यांना कारण मी सांगायला नको.

आता आजचे संभाषण. आपल्या प्रतिनिधींनी प्रथम मला समजावले, ‘सर, गन तीच आहे, फक्त होल छोटं आहे.’ मी स्प्रिंगचा क्रमांक वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी रिव्हॉल्व्हर दोनशे वेळा रिकामे चालवून स्प्रिंग मोकळी करण्याचा सल्ला दिला. .२२ मध्ये काडतूस नसताना फटका देणारी पिन थेट घराच्या कडेवर आदळून ती कड चेपू शकते, हे मी सांगितल्यावर बराच वेळ शांतता होती. त्यानंतर प्रश्न आला, ‘मग सर, यात बत्तीसच्या गोळ्या टाकून बघितल्या का?’ माझी सारी नोकरी सैन्याच्या शस्त्रागारात गेली. हा प्रश्न तिथे नव्या रंगरुटानेही कधी विचारला नाही. मी तो त्यांना पुन्हा उच्चारायला लावला आणि त्यांनी तो तितक्याच गंभीरपणे पुन्हा उच्चारला. शेवटी ते म्हणाले, ‘कुरियरनं पाठवून द्या, बघू.’ शस्त्र अधिनियम, १९५९ हा कायदा शस्त्रे विकणाऱ्या कंपनीच्या मदतकक्षात कुणी उघडून पाहिला आहे काय? परवान्याचे शस्त्र म्हणजे दिवाळीचा फराळ नव्हे, खोक्यात भरून पत्ता लिहिला की झाले.

आपल्या वरिष्ठ अभियंत्यांनी याआधी कडक स्प्रिंग बसवून देण्याची तयारी दाखवली होती, हे मान्य करतो. पण मग चाप .३२ पेक्षा जड होणार आणि ‘ओढ तीच’ हे वाक्यही खोटे ठरणार. म्हणजे चाप सारखा हवा तर काडतूस उडणार नाही, काडतूस उडायला हवे तर चाप सारखा राहणार नाही, आणि वजन तर मुळातच सारखे नाही. जुळेपण उरते ते फक्त माहितीपत्रकात आणि किमतीत.

शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. त्यातली दुसरी जागा मी आपल्या शब्दावर विसंबून या रिव्हॉल्व्हरला दिली. माझ्या शब्दावर कित्येक निवृत्त सहकाऱ्यांनी आपले .३२ घेतले आहे. यापुढे कुणी विचारले तर त्याला हे पत्र वाचायला देईन.

पंधरा दिवसांच्या आत पूर्ण रक्कम परत करावी, शस्त्र परत घेऊन परवान्यावरील नोंद रद्द होण्यासाठी लागणारी कागदपत्रे द्यावीत आणि माहितीपत्रकातील .२२ चे वजन व चापाची ओढ प्रत्यक्ष मोजून छापावी. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची आणि सदोष मालाची तक्रार सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाखल करीन. रिव्हॉल्व्हर कोणत्या परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे ते लेखी कळवावे. कुरियर कंपनीचे नाव कळवू नये.

आपला ग्राहक,
एक परवानाधारक, जि. सातारा

सोबत: खरेदीच्या पावतीची प्रत, माहितीपत्रकाचे व सुट्या भागांच्या यादीचे पान, न उडालेल्या काडतुसांची छायाचित्रे.