सार्डीनचा कॅप्टन मामा की काका?

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. वाचनालयाच्या बालविभागासाठी इंग्रजीतली कोणती चित्रकथा-पुस्तके घ्यावीत, असे तू विचारले आहेस. मुले इंग्रजी अडखळत वाचतात आणि ‘बोधप्रद’ असा शिक्का दिसला की पुस्तक उघडतही नाहीत, अशी तक्रारही तू सोबत जोडली आहेस. या तक्रारीत मला मुलांची काही चूक दिसत नाही. म्हणून मी तुला मूळच्या फ्रेंच, पण इंग्रजीत आलेल्या अंतराळातल्या विनोदी चित्रकथा सुचवतो. फ्रेंच विज्ञानकथा आपल्याला परकी नाही. ज्यूल व्हर्नला भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हातात कधीच दिले होते. फरक इतकाच की व्हर्नचे शास्त्रज्ञ यंत्राचा हिशेब चोख मांडतात आणि या चित्रकथांतली याने कशावर चालतात, याची फिकीर कोणालाच नसते.

सुरुवात ‘सार्डीन इन आउटर स्पेस’पासून कर. लेखन एमान्युएल गिबेरचे आणि सुरुवातीच्या भागांची चित्रे जोआन स्फारची. न्यूयॉर्कच्या फर्स्ट सेकंड या प्रकाशनाने २००६ मध्ये ही मालिका इंग्रजीत आणायला सुरुवात केली. नायिका सार्डीन ही एक लहान मुलगी आहे आणि ती अंतराळातल्या चाच्यांच्या टोळीत आहे. ‘हकलबेरी’ नावाच्या यानातून ती, लिटल लुई आणि कॅप्टन यलो शोल्डर असे भटकत असतात, आणि सुपरमसलमन नावाच्या दांडगटाचे बेत उधळणे हा त्यांचा धंदा आहे. हा सुपरमसलमन डॉक क्रोक या माथेफिरू शास्त्रज्ञाला हाताशी धरून अंतराळात एक अनाथालय चालवतो, आणि तिथे मुलांना काय शिकवले जाते, तर नीट वागायला! खलनायकाचा गुन्हा म्हणजे मुलांना शिस्त लावणे, ही कल्पनाच मला इतकी आवडली की मी पहिले पुस्तक एका बैठकीत संपवले. आपल्याकडच्या बालसाहित्यात शेवटच्या ओळीत ‘तात्पर्य’ सांगायला जे गृहस्थ येतात, त्यांनाच इथे खुर्चीवर बसवून त्यांची फजिती केली आहे.

हे दोघे केवळ पोरखेळ करणारे चित्रकार नाहीत, हेही तुला सांगून ठेवतो. गिबेरने अफगाणिस्तानात गेलेल्या एका छायाचित्रकाराच्या प्रवासावर अतिशय गंभीर चित्रकथा केली आहे आणि स्फारने अल्जीरियातल्या एका रब्बीच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या, बोलणाऱ्या मांजरावर. तरीही मुलांसाठी लिहिताना दोघांनीही गांभीर्याचा अंगरखा पूर्ण उतरवून ठेवला आहे. स्फारची रेषा मुद्दाम वेडीवाकडी वाटते. तुझ्या समितीतले कोणी ‘ही काय चित्रे आहेत’ असे म्हणालेच, तर तू मुलांना विचार.

आता मुख्य अडचणीकडे येतो. पुस्तक मुलांपुढे मराठीतून वाचून दाखवावे, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी गेले पंधरा दिवस मी चिठ्ठ्यांवर पेन्सिलीने मराठी संवाद लिहून त्या त्या चौकटीतल्या बोलण्याच्या फुग्याशेजारी चिकटवतो आहे. नावांपाशी मात्र गंमत झाली. ‘सार्डीन’ हे फ्रेंच नाव इंग्रजीत जसेच्या तसे गेले, कारण मासा दोन्ही भाषांत तोच. मराठीत तो मासा म्हणजे आपली तारली, बाजारात वाट्याने विकली जाणारी. पण ‘तारली’ म्हटले की बुडणाऱ्याला तारणेही आलेच, आणि ही पोरगी प्रत्येक गोष्टीत कोणा ना कोणाला तारतच असते! हा श्लेष मूळ लेखकांच्या वाट्याला आला नाही, याचा मला क्षुद्र आनंद झाला. उलट ‘यलो शोल्डर’ने मला दमवले. ‘पिवळा खांदा’ म्हटले की हळद लावून शेकत बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि ‘पीतस्कंध’ म्हटले की पुराणातला राक्षस. शेवटी राक्षसच ठेवला. सुपरमसलमनचे ‘चीफ एक्झिक्युटिव्ह डिक्टेटर ऑफ द युनिव्हर्स’ हे पद मात्र चटकन बसले. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना ‘विश्वाचे मुख्य कार्यकारी हुकूमशहा’ हा हुद्दा समजावून सांगावा लागणार नाही.

अॅस्टेरिक्स या गाजलेल्या फ्रेंच चित्रकथेच्या इंग्रजी अनुवादकांनी, म्हणजे अँथिया बेल आणि डेरेक हॉकरिज यांनी, नावांशी असाच खेळ केला होता. मूळ फ्रेंचमध्ये कुत्र्याचे नाव ‘इदेफिक्स’, म्हणजे डोक्यात घट्ट बसलेली कल्पना. त्यांनी ते ‘डॉगमॅटिक्स’ केले, त्यामुळे हट्टही राहिला आणि नावात कुत्राही आला. अनुवादक असा खोडकरच हवा.

लुई त्रोंदेम या फ्रेंच चित्रकथाकाराची दोन पुस्तकेही घे. ‘कापुट अँड झोस्की’ एरिक कार्तिएच्या साथीने केलेले आहे. त्यात ग्रहामागून ग्रह जिंकायला निघालेले दोन तापट परग्रहवासी दर वेळी तोंडघशी पडतात. दुसऱ्या पुस्तकाचे नाव ‘एलियन’ असे वाचले जाते. ते परग्रहावरच्या मुलांचे पुस्तक असून आपल्याला ते सापडले, अशी बतावणी त्रोंदेमने केली आहे, आणि फुग्यांतला मजकूर कोणालाही न वाचता येणाऱ्या बनावट लिपीत आहे. इंग्रजी अडखळत वाचणारे तुझे मूल आणि फाडफाड वाचणारे शहरातले मूल या एका पुस्तकापुढे सारखेच. पण त्यातले गोंडस, गोलमटोल प्राणी एकमेकांचे फार भयंकर हाल करतात, तेव्हा अगदी लहानांना देण्यापूर्वी तू स्वतः चाळून घे.

मोठ्या मुलांसाठी क्रिस्तां आणि मेझिएर यांची ‘व्हॅलेरियन अँड लॉरेलिन’ आहे. १९६७ पासून ‘पिलोत’ या फ्रेंच साप्ताहिकात येऊ लागलेली ही अंतराळकथांची मालिका सिनेबुक या प्रकाशनाने २०१० पासून क्रमाने इंग्रजीत आणली. ती निव्वळ विनोदी नाही. पण राजदूताच्या अपहरणाच्या कथेत लॉरेलिनजवळ एक चिडखोर छोटा प्राणी आहे, ज्याला एखादा मोती किंवा नाणे गिळायला दिले की तो तसेच ढीगभर बाहेर काढतो. आणि माहितीचा सौदा करणारे शिंगूझ नावाचे सोंडवाले तीन परग्रहवासी तो माल लगेच वसूल करतात. बिचारा प्राणी राबून राबून अर्धमेला होतो. अर्थशास्त्र इतक्या थोडक्यात मला कोणी शिकवले नव्हते.

सार्डीनचे पहिले पुस्तक उद्या टपालाने पाठवतो आहे. चिठ्ठ्या सुटू नयेत म्हणून त्यावर वर्तमानपत्र गुंडाळले आहे, ते जपून उघड. एक जागा मात्र मी कोरी ठेवली आहे. कॅप्टन हा सार्डीनचा ‘अंकल’ आणि लुई तिचा ‘कझिन’, एवढ्यावर फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हींचे भागते. मराठीत मात्र मामा की काका, आणि मामेभाऊ की चुलतभाऊ, हे ठरवल्याशिवाय पहिले पानसुद्धा वाचता येत नाही. चाच्यांच्या यानात भाचीला मोकाट सोडणारा माणूस मामाच असणार, असे मला वाटते, परंतु माझी बायको काकाच्या बाजूची आहे. मुलांपुढे हा प्रश्न ठेव, जे ठरेल ते पेन्सिलीने त्या जागी लिही आणि मला कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना बाकसोबती