बोअरिंगच्या बिलासोबत मापंही लिहून द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी ३१ वर्षं तपासनीस होतो. क्रँकशाफ्टच्या जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला) मायक्रोमीटर लावण्यातच नोकरी गेली. त्यामुळे गेल्या महिन्यात माझ्याच गाडीचं जे झालं ते मनाला फार लागलं. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडे चंदगडपर्यंतच्या गाडीवाल्यांना उपयोग होईल म्हणून लिहितो.

माझी २००४ सालची मारुती ८०० ऑइल खाऊ लागली होती. इंजिन उतरवलं, ०.२५ ओव्हरसाइज (मूळ मापाहून ०.२५ मिमी मोठे) पिस्टन आणले आणि ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा ठोकळा, इथल्याच एका वर्कशॉपला बोअरिंग-होनिंगला दिला, म्हणजे सिलिंडर तेवढे मोठे कातून आतून दगडांनी घासायला. गाडी जोडून झाल्यावर पहिले ६०० किलोमीटर जपून चालवली. मग आम्ही दोघं गोव्याला बहिणीकडे गेलो. परतताना केरी सोडलं, चोर्ल्याचा चढ लागला आणि थोड्या वळणांनंतर गाडीची ओढच गेली. गिअर उतरवला तरी जोर नाही. तापमानाची सुई मात्र मध्यावरच. मग चर्रर्र आवाज झाला आणि इंजिन जाम. गाडी बांधून आणावी लागली, घरी पोचायला रात्र झाली.

इंजिन पुन्हा उघडलं. तिसऱ्या पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या बाजूच्या भिंतीवर) समोरासमोर उभे ओरखडे होते आणि तिथलं अॅल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला फासलेलं, नखाला लागत होतं. ओरखडे नव्हते त्या दिशेत मी बोअर गेज (सिलिंडरचा आतला व्यास मोजायचं सुईचं साधन) लावला. वर ६८.७७, मधे ६८.७६, खाली ६८.७४ मिमी. उरलेल्या दोन पिस्टनांचं माप ६८.७३ होतं आणि त्यांच्या सिलिंडरांत पिस्टन आणि भिंतीमधे वरपासून खालपर्यंत ०.०४ मिमी जागा होती. तिसऱ्यात तळाशी उरली होती फक्त ०.०१. होनिंगचे दगड तळापर्यंत सारखे फिरले नव्हते, आणि ते कुणी मोजलंही नव्हतं.

वर्कशॉपमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "काका, हातानं सोडून बघितलंय की. पिस्टन अलगद उतरलं." पोरगा खोटं बोलत नव्हता. ०.०१ मिमी जागा असली तरी थंड आणि तेल लावलेलं पिस्टन अलगदच उतरतं. हाताला ते कळणार नाही, माझ्याही हाताला कळलं नसतं.

पिस्टन अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. तेवढ्याच उष्णतेत अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणूनच थंड असताना मधे जागा ठेवायची असते. लहान पेट्रोल गाड्यांत ती बहुधा ०.०२ ते ०.०५ मिमीच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. नेमका आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकात असतो आणि तोच धरायचा. जागा कमी पडली की पिस्टन सिलिंडरला धरतं. जास्त ठेवली तर थंड इंजिन टकटक करतं, रिंगा नीट बसत नाहीत आणि ऑइल परत खर्ची पडू लागतं. "थोडं ढिलंच ठेवा, फ्री चालतंय" म्हणणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. सीजची (इंजिन जाम झाल्याची) तक्रार येऊ नये म्हणून ते तसं करतात, पण मग ज्या दुखण्यासाठी इंजिन उघडलं तेच वर्षभरात परत येतं.

पिस्टन गोल नसतं, हेही पुष्कळांना ठाऊक नाही. गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या आडव्या पिनच्या) दिशेला ते किंचित कमी असतं आणि डोक्याकडे निमुळतं, कारण डोकं जास्त तापतं. म्हणून माप घ्यायचं ते स्कर्टवर, पिनच्या काटकोनात, पुस्तकात सांगितलेल्या उंचीवर. डोक्याशी मोजून क्लिअरन्स (ही मधली जागा) काढणारा माणूस मी स्वतः पाहिला आहे. सिलिंडर मोजायचा वर, मधे आणि खाली, दरवेळी दोन दिशांना. तीन सिलिंडरांची १८ मापं. बोअर गेज आधी मायक्रोमीटरवर शून्याला लावायचा, मग सिलिंडरात हळूच डोलवायचा. सुई पुढे जाता जाता जिथून परत फिरते ते खरं माप. एका सिलिंडरला पाच मिनिटंही लागत नाहीत. व्हर्नियरवर हे काम होत नाही, त्याची साधी मोजणीच ०.०२ पासून सुरू होते. फिलरची (ठरावीक जाडीची पातळ) पट्टी घालून ओढून बघणं पडताळ्यापुरतं ठीक, पण सिलिंडर अंडाकृती झालाय का ते पट्टी सांगत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. होनिंगवरून नुकताच उतरलेला ब्लॉक २० अंशांनी गरम असला, तर ६८ मिमीचा बोअर दीड शतांश (०.०१५ मिमी) मोठा दिसतो. निवल्यावर तो परत आवळतो. उलट पिस्टन एप्रिलच्या उन्हात बाकावर पडलेलं असेल तर तेच मोठं भरतं. मापांसाठी जगभर २० अंश धरतात. आपल्या गॅरेजात तेवढं कुठून आणणार? पण ब्लॉक आणि पिस्टन रात्रभर एका खोलीत ठेवून सकाळी मोजायला तर काही खर्च येत नाही.

आपल्या गावात क्रँकशाफ्ट होतात, हायड्रॉलिक्सचे भाग होतात, तिथे एकेका शतांशावर माल परत येतो. तीच माणसं संध्याकाळी आपली गाडी घेऊन गॅरेजला जातात आणि "बसलंय व्यवस्थित" एवढ्यावर पैसे देऊन येतात. माझी वर्कशॉपवाल्यांना कळकळीची विनंती आहे की, बोअरिंगच्या बिलासोबत एक चिठ्ठी द्या. प्रत्येक सिलिंडरची सहा मापं, त्यात जाणाऱ्या पिस्टनचं माप आणि उरलेली जागा. कानडीत लिहा, मराठीत लिहा, आकडे असले म्हणजे झालं. पिस्टनवर सिलिंडरचा नंबरही घाला, नाहीतर जोडताना अदलाबदल होते. आणि गाडीवाल्यांनो, चिठ्ठी मिळाल्याशिवाय ब्लॉक उचलू नका.

दुसऱ्यांदा मी ब्लॉक ०.५० ओव्हरसाइजला करून घेतला, वेगळ्या ठिकाणी. तिथल्या आयटीआय झालेल्या मुलाला १८ मापं लिहून मागितली, तर त्याने काही न कुरकुरता बिलाच्या पाठीवर पेन्सिलने लिहून दिली. खालच्या तीन ओळी त्याने माझ्यासमोर पुन्हा मोजल्या. ते बिल आता गाडीच्या कप्प्यात, आरसी बुकासोबत ठेवलं आहे.

आपला,
एक निवृत्त टूलरूम तपासनीस
अनगोळ, बेळगाव