शिंपल्यांच्या खिडक्या उखडू नका

माननीय संपादक,

इंग्लंडमधील व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या (१८३७-१९०१) घरांच्या कारागिरीचे जगभर कौतुक होते, ते रास्तच आहे. पण त्याच काळात, १८४३ मध्ये, पणजी गोव्याची राजधानी झाली. तिथल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीतून जाताना जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्यांकडे जरा मान वर करून पाहा.

मी डिचोलीचा सुतार, अशा खिडक्या दुरुस्त करतो. लाकडाच्या बारीक पट्ट्यांना खाच पाडून तिच्यात शिंपल्याच्या चौकोनी चकत्या सरकवतात. काच महाग होती तेव्हाची ही युक्ती. उन्हाची तिरीप अडते, उजेड मात्र दुधासारखा मऊ आत येतो. एक चकती फुटली तर तेवढीच बदलायची! आज अख्खी चौकट उखडून ॲल्युमिनियम बसवतात, हे बघवत नाही. चिऱ्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावाही नको. ओल आत कोंडते, चुना ती बाहेर सोडतो.

सरकारने औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत हे काम शिकवावे. बोलावले तर मी माझी पटाशी-रंधा घेऊन येईन, मानधन नको.

— एक सुतार, डिचोली