स्पेनमधल्या ताईंना, मिरजेहून

ताई,

तुमचं नाव लेकीनं मला सांगितलंय. पण तुम्हाला विचारलेलं नाही, म्हणून ते इथं लिहीत नाही. माझ्या फोनमध्ये तुम्ही ‘स्पेनची ताई’ आहात. 34 नं सुरू होणारा तुमचा नंबर मी त्याच रात्री जपून ठेवला.

28 एप्रिल 2025, सोमवार. लेक माद्रिदहून बार्सिलोनाला परत निघाली होती. आमच्या पावणेचारला तिचा मेसेज आला, “आई, गाडी तीनशेनं पळतेय, मी खाऊन घेतलं.” तुमच्याकडे तेव्हा सव्वाबारा. आमच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत. दुसरं उन्हाळ्यात साडेतीन तास आणि थंडीत साडेचार तास मागं लावायचं. ती उठली असेल, कॉलेजात पोचली असेल, जेवायला बसली असेल, हे सगळं मी त्या घड्याळाकडं बघून ताडते.

सहाच्या सुमारास मी लिहिलं, “पोचलीस का?” एकच टिक. सात वाजले तरी एकच टिक. मग टीव्हीवर बातमी दिसली. स्पेन आणि पोर्तुगालमधली वीज दुपारी साडेबारानंतर एकाएकी गेली होती. गाड्या जागच्या जागी थांबल्या, माद्रिदची मेट्रो रिकामी केली, टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या तसे फोनही बंद पडत गेले. फोन लागत नाही तो टॉवरमुळं, तिला काही झालंय म्हणून नाही, हे तिचे बाबा मला दर दहा मिनिटांनी समजावत होते. मला ते समजतही होतं. पण तीनशेच्या वेगात असताना वीज गेली म्हणजे त्या गाडीचं काय झालं असेल, हे डोक्यातून जात नव्हतं.

जिनं तिला पाठवायची सगळी व्यवस्था केली, त्या एजन्सीला मी आधी फोन केला. फाइलच्या पहिल्याच पानावर त्यांनी छापलंय, ‘पालकांसाठी 24 तास मदत’. पैसे भरताना तिथल्या मुलानं ते बोट ठेवून दाखवलं होतं. चौथ्या वेळी फोन उचलला आणि उत्तर मिळालं, “मॅडम, ऑफिस बंद झालंय, उद्या दहानंतर करा.” मी म्हटलं, माझी मुलगी सापडत नाहीये हो. पलीकडून फोन ठेवला गेला. त्यानंतर आजतागायत त्यांच्यातल्या एकानंही ‘मुलगी बरी आहे का’ एवढं विचारलेलं नाही. पालकांच्या ग्रुपवर तर सायबर हल्ला झाला, युद्ध पेटलं, काय वाटेल ते पुढं ढकलणं चाललं होतं. आणि एक नातेवाईक फोन करून म्हणाले, मुलीला एवढ्या लांब पाठवायचंच कशाला. रात्री दहा वाजता, ताई.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. गाडी माळरानात उभी राहिली. गावातली माणसं पाणी, पाव, टोमॅटो घेऊन रुळापर्यंत आली आणि संध्याकाळी सगळ्यांना गावात नेलं. लेकीचा फोन कधीच बंद पडला होता, पण माझा नंबर तिला तोंडपाठ होता. शाळेत असताना मीच तो तिच्याकडून घोकून घेतला होता. चर्चच्या चढावर थोडी रेंज येते, म्हणून तुम्ही तिला अंधारात हाताला धरून तिथवर नेलंत.

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. आधी तुमचा आवाज आला. “मामा?” म्हणजे ‘आई?’ म्हणालात आणि मग “बिएन, बिएन,” म्हणजे ‘ठीक आहे’. हे अर्थ लेकीनं नंतर सांगितले. मला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. पण वाईट बातमी सांगणाऱ्याचा आवाज असा नसतो, एवढं कळलं आणि मी मटकन खालीच बसले. मग लेकीचा “आई” असा आवाज आला. आम्ही जेमतेम दीड मिनिट बोललो. त्यात मी तिला स्वेटर आहे का, जेवलीस का, हेच विचारत राहिले. फोन मध्येच कट झाला.

तो का कट झाला, हे मला तीन दिवसांनी समजलं. तुमच्या फोनमध्ये सात टक्के बॅटरी उरली होती. तुमचा मुलगा वलेन्सियाला असतो आणि दुपारपासून त्याचीही काही खबर नव्हती. तरी पहिला फोन तुम्ही माझ्या लेकीच्या हातात दिलात. माझ्याशी बोलता बोलता तो बंद पडला आणि तुम्ही ती रात्र मुलाचा आवाज न ऐकता काढलीत. सकाळी वीज आल्यावर तुमचं बोलणं झालं म्हणे. लेकीनं तुम्हाला विचारलं होतं, आधी तुमच्या मुलाला का नाही लावलात? तुम्ही म्हणालात, त्याची आई इथं जवळ आहे, तुझी लांब आहे.

हे वाक्य तिनं मला मराठीत सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले.

माझे दीर दुबईत होते तेव्हा पंधरा-पंधरा दिवसांनी पत्र यायचं आणि सासूबाई तेवढे दिवस काढायच्या. आम्हाला आता एक टिक दोन तास सोसवत नाही. पण त्या दिवशी सगळी यंत्रं बंद पडल्यावर निरोप पोचला तो माणसामुळंच. आमच्याकडंही हे घडलंय. 27 जुलै 2019 ला मिरजेवरून कोल्हापूरला जाणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली होती, हजारावर माणसं आत. तेव्हाही जवळपासची माणसं धावून गेली होती. त्यांनी कुणाला तिकीट किंवा गाव विचारलं नव्हतं. अशी माणसं सगळीकडं आहेत, ताई, फक्त त्यांचे बोर्ड लागलेले नसतात.

हे पत्र लेक स्पॅनिशमध्ये करून तुम्हाला वाचून दाखवणार आहे. सुट्टीत ती तुमच्याकडं येईल, तिच्यासोबत सांगलीची हळद आणि तासगावचे बेदाणे पाठवतेय. आणि तुमच्या मुलाला माझा एक निरोप द्या. त्या रात्री त्याला जायचा फोन मिरजेत आला होता, आणि तो मी घेतला होता.

लेकीची आई